फुटक्या कोपऱ्याचा दगड

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. चोवीस वर्षं झाली त्याला. हरवलं असतं तर बरं, असं पुष्कळदा वाटलं. पण माझ्या हातून वस्तू हरवत नाहीत, नुसत्या राहून जातात. पत्र मी पाकिटासकट पुस्तकात खूण म्हणून घातलं. एक पुस्तक संपलं की दुसऱ्यात. वाचता वाचता डोळा लागला तरी पान तेच धरून ठेवायचं. उघडून वाचायची गरज नव्हती. पाठ होतं.

‘रेघवाले भाऊ यांना नमस्कार. तुम्ही मोजायला आलात तेव्हा टेपचं टोक मी धरलं होतं. ते मी कोणत्या दगडावर धरलं, फुटक्या कोपऱ्याच्या की दुसऱ्या, तेवढं लिहून कळवावं. बोललेलं घरात कोणी खरं धरत नाही, म्हणून लिहून हवं. विहीर गेली ती गेली, ती मागत नाही. सोबत पाकीट आहे. पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. तुम्हाला फक्त लिहायचं आहे.’

शेवटचं वाक्य तिनं रागानं लिहिलं की साधेपणानं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी नगररचना कार्यालयात आरेखक होतो. शहराभोवतालची कोणती जमीन कशासाठी वापरायची हे नियोजन समिती ठरवायची, आणि मी त्याचे नकाशे काढायचो. घरांना पिवळा रंग, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. नातेवाइकांना वाटायचं मीच सगळं ठरवतो. लग्नकार्यात कोणीतरी हळूच बाजूला घेऊन म्हणायचं, आमची तेवढी जागा पिवळी करा की. मी कसंनुसं हसायचो. माझ्यात तेवढा दम असता तर मी रंग भरत कशाला बसलो असतो?

त्या वर्षी पाऊस लांबला होता. शहराच्या कडेनं नवा मोठा रस्ता काढायचा होता आणि त्याच्या वाटेतल्या जमिनी मोजायचं काम माझ्याकडे आलं. एका मळ्यात मला चार दिवस लागले. सगळीकडची जमीन भेगाळली होती. या मळ्यात मात्र पालक, मुळा, कोथिंबीर यांचे वाफे ओले होते, कारण त्यांच्या विहिरीला पाणी होतं. ती विहीर घरातल्या म्हाताऱ्यानं तरुणपणी स्वतः खोदली होती. त्यात त्याची डाव्या हाताची दोन बोटं दगडाखाली चिरडली होती. आता त्याला फारसं दिसत नव्हतं, पण काठावर बसून रहाटाच्या आवाजावरून तो पाणी किती खाली गेलंय ते सांगायचा.

घरात तिघंच. म्हातारा, त्याला सगळे बाबा म्हणत. त्याचा मुलगा, बोलायला कमी, कामाला वाघ. आणि सून, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. उजाडताना तिघं वाफ्यात बसलेली असायची. बाबा नुसत्या स्पर्शानं मुळा उपटायचा. कोवळा की जून ते त्याला पानावरून कळायचं. सून जुड्या बांधायची, हौदात बुडवून झटकायची, ओल्या गोणपाटाखाली रचायची. मुलगा हातगाडी घेऊन बाजाराला निघाला की ती रहाटाला लागायची. वीज दिवसातून तासभर यायची, तीही लहर असेल तेव्हा. बादलीमागून बादली पाटात ओतताना तिचे खांदे दोरासारखे ताणले जायचे. तळहातांना घट्टे पडले होते आणि त्या घट्ट्यांनाच भेगा गेल्या होत्या.

पहिल्या दिवशी बाबानं विचारलं, “कोण आलंय गं?”

“रेघवाले आलेत, मामंजी.”

“रेघा कसल्या?”

“रस्त्याच्या. सरकारी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, तुमची रेघ तेवढी पालकावरून नेऊ नका. पाय पडला की चुरगळतो तो.”

तेव्हापासून त्या घरात मी रेघवाला झालो. मला ते नाव आवडलं होतं, हे सांगायला संकोच वाटतो. कार्यालयात मला कोणी नावानंही हाक मारत नसे, ‘अहो’ म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी माझा सोबतचा माणूस तापानं पडला. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. बाबा झोपला होता, मुलगा बाजारात. सून पदराला हात पुसत आली.

“मी धरते. काय करायचं असतं?”

“हद्दीच्या दगडावर टोक टेकवायचं आणि हलवायचं नाही. दगड कोणता?”

मळ्याच्या त्या टोकाला दोन दगड होते, सारख्याच उंचीचे, मध्ये पाच-सहा पावलांचं अंतर.

“हा,” ती म्हणाली. “कोपरा फुटलाय तो. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मामंजींनी आणून दाखवला होता. म्हणाले, घर विसरलीस तरी चालेल, हा विसरू नकोस.”

“आणि तो?”

“तो धुण्याचा. त्याच्यावर गोणपाटं आपटते मी.”

तिनं टोक धरलं. ऊन डोक्यावर होतं. मी विहिरीच्या काठापर्यंत टेप सोडत गेलो, थांबलो, वाचलं, फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या वहीत, आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं : ‘हद्दीचा दगड, कोपरा फुटलेला.’

“काय लिहिलंत?”

मी वाचून दाखवलं. तिला हसू आलं. “दगडाचीसुद्धा ओळख लिहून ठेवता? माणसांची ठेवत असाल की नाही कोण जाणे.”

मग तिनं मला विहिरीचं पाणी दिलं. त्या पाण्याची चव सांगता येण्यासारखी नाही. पाण्याला काय चव असणार! पण तांब्याचा गारवा दातांना लागला होता, तो अजून आठवतो.

कार्यालयात आल्यावर मी आकडे नकाशावर उतरवले. वरिष्ठ साहेबांनी पेन्सिलीनं रस्त्याची कड आखली होती. मी मुद्दाम पट्टी लावून बघितलं. विहिरीचा काठ रस्त्याबाहेर चार मीटर राहत होता. मला बरं वाटलं. डबा खाताना मी तेव्हा शेजारच्या टेबलाला म्हणालोही, एका घराची विहीर वाचली. तो म्हणाला, बरं झालं, लोणचं दे.

पेन्सिलीचा नकाशा छापता येत नसे. त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवून सगळ्या रेघा शाईनं गिरवायच्या, मग तो कागद छापखान्यात जायचा. दुपारी चारला छापखान्याचा माणूस येणार होता. पावणेतीनला माझं बारीक पेन गेलं. त्याच्या टोकात केसाएवढी तार असते, ती मोडली. नवं पेन भांडारातून, मागणीपत्रावर तीन सह्या झाल्यावर, म्हणजे पुढच्या आठवड्यात.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “जाड पेनानं काढा ना. रेघ ती रेघ. समितीतल्या म्हाताऱ्यांना दिसेल तरी.”

त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. जाड पेनाची रेघ बरोबर एक मिलिमीटर. पेन्सिलीच्या रेघेवर मध्यभागी ठेवली तरी दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर खाणार. हे मला रेघ काढण्याआधी कळत होतं. मी पट्टी धरली आणि पेन ओढलं. विहिरीचा ठिपका शाईखाली गेला. ओली शाई चकाकत होती. माझ्या डाव्या हाताला ब्लेड होतं. आम्ही चुकलेली रेघ ब्लेडनं खरवडायचो. कड थोडी खरवडली असती तर ठिपका पुन्हा दिसला असता. घड्याळात साडेतीन झाले होते, आणि खरवडताना कागद फाटला तर सगळा नकाशा पुन्हा काढायचा होता. मला वाटलं, कोणी विचारलंच तर फील्डबुक आहे की. त्यात आकडा आहे.

नकाशाच्या तळाशी मीच माझ्या सुवाच्य अक्षरात टीप लिहिली होती : ‘रस्त्याची रेघ ज्याला शिवेल ते रस्त्याच्या हद्दीत धरले जाईल.’ ही टीप प्रत्येक नकाशावर असायची. ती लिहिताना मी अक्षरांमधल्या अंतराशिवाय कशाचाही विचार करत नसे.

नकाशा लोकांना बघायला लावला. हरकतींसाठी साठ दिवस. बाबाच्या घरची हरकत एकशे त्रेचाळिसावी होती. अक्षर सुनेचं.

सुनावणी कार्यालयाच्या वरच्या दालनात झाली. लांब टेबल, पाच सदस्य, पाण्याचे पाच पेले, मध्ये एक घंटी. एकेकाला तीन मिनिटं. हरकत वाचायची, साहेबांनी कार्यालयाचं मत सांगायचं, अध्यक्षांनी ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ म्हणायचं, कारकुनानं लिहायचं. अध्यक्ष वाईट नव्हते. त्यांनी सकाळपासून नव्वद जणांचं ऐकलं होतं आणि त्यांचा कान दुखत होता. ते सारखं करंगळीनं कान दाबत होते. मी भिंतीवरच्या नकाशाजवळ छडी घेऊन उभा होतो. काखेत फील्डबुक.

बाबा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आत आला. त्याला खुर्ची दिसली नाही. तो टेबलाच्या कडेलाच टेकू लागला, तेव्हा एक सदस्य “अहो, अहो” करत मागे सरकले. सुनेनं त्याला खुर्चीत बसवलं.

“बोला बाबा, काय म्हणणं आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“विहीर रस्त्यात येत नाही, साहेब. पाच पावलं बाहेर आहे. मी चालून बघितलंय.”

“पावलं काय, कोणाची लहान, कोणाची मोठी,” सरकून बसलेले सदस्य म्हणाले. दोघं-तिघं हसले.

“माझीच आहेत,” बाबा म्हणाला. “तीस वर्षं तीच आहेत.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “रेघ विहिरीला शिवते का?”

मी छडी वर केली. टोक जाड रेघेवर टेकवलं.

“नकाशावर शिवते,” मी म्हणालो.

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. ‘जागेवर?’ असा एक शब्द मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे की तो त्यांनी विचारलाच होता की काय, असं हल्ली वाटतं.

“पण भाऊ, तुम्हीच तर मोजलंत,” सून पुढे होत म्हणाली.

“बाई, मध्ये बोलू नका. तुमची पाळी नाही.” हे कारकुनानं म्हटलं.

साहेबांनी कागद बघून सांगितलं, “मोजणी यांच्याच घरच्यांनी दाखवलेल्या दगडापासून झालेली आहे. तिथे दोन दगड आहेत. चुकीचा दाखवला असेल तर कार्यालय काय करणार?”

“दगड कोणी दाखवला?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी,” सून म्हणाली.

बाबानं मान फिरवली. त्याला ती दिसत नव्हती. तो चेहऱ्यानंच तिला शोधत होता.

“कोणता दाखवलास?”

“फुटका, मामंजी.”

“नक्की?”

ती माझ्याकडे बघू लागली. फक्त माझ्याकडे. काखेतल्या फील्डबुकाचा कापडी पुठ्ठा घामानं भिजत होता. बाविसावं पान. मी ते उघडलं असतं तर टेबलावरचे पाचही जण वाचू शकले असते, इतकं माझं अक्षर चांगलं आहे. मी छडीकडे बघत राहिलो. छडीच्या टोकाची पितळी टोपी सैल झाली होती.

“नक्की का?” बाबानं पुन्हा विचारलं.

“हो... फुटकाच,” ती म्हणाली. पण त्याआधी ती क्षणभर थांबली होती, आणि ते थांबणं सगळ्यांनी ऐकलं.

घंटी वाजली. अमान्य.

जिना उतरताना ती तिघं माझ्यापुढे होती. वळणावर बाबाचा पाय अडखळला. सुनेनं त्याचा दंड धरला. त्यानं तिचा हात काढला. झटकला नाही, पालकातलं गवत काढावं तसा अलगद काढला आणि मुलाचा खांदा चाचपला.

पत्र तीन महिन्यांनी आलं. त्या भागात जाणारा आमचा शिपाई एकदा चहा पिताना म्हणाला, “त्या मळ्यातला म्हातारा सुनेच्या हातचं पाणी घेत नाही म्हणे. भिंतीला धरून स्वतः माठापर्यंत जातो. सांडतो निम्मं.” माझ्या हातातल्या बशीतला चहा मीही सांडला. कोणाचं लक्ष नव्हतं.

त्याच हिवाळ्यात बाबा गेला. विहीर बुजवायला चार दिवस गाड्या येत होत्या. मी त्या रस्त्यानं गेलो नाही.

उत्तर का दिलं नाही, याची कारणं मी चोवीस वर्षं गोळा केली आहेत. आधी नोकरी होती. लेखी दिलं असतं तर तो कागद फिरून साहेबांच्या टेबलावर आला असता. मग बढती होती. मग मुलीचं लग्न. निवृत्त झालो तेव्हा कारण उरलं नाही. मग वाटलं, आता काय तोंडानं लिहायचं? कार्यालयात संगणक आले तेव्हा जुनी फील्डबुकं रद्दीत निघाली. ते एक मी पिशवीत घालून घरी आणलं. चोरी म्हणायची तर आयुष्यातली तेवढीच. बायकोनं विचारलं, हे काय? मी म्हणालो, जुनी वही. ती म्हणाली, घरात वह्यांची कमी होती वाटतं.

माझं घर त्या नव्या रस्त्यापासून जवळच आहे. घर घेताना मला ते खटकलं होतं, पण बायकोला आणि मुलीला पसंत पडलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. सकाळी मी फिरायला जातो. दर पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला एक जागा खचते. साधा खड्डा नाही. गोल, कंपासनं काढल्यासारखा, रहाटाच्या विहिरीएवढा. महापालिकेचे लोक खडी टाकतात, डांबर ओततात, रोलर फिरवतात. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा तिथेच.

एकदा मुकादमानं मला थांबवलं. “काका, जुने रहिवासी ना तुम्ही? खाली काय आहे हो? किती टाका, पितंय.”

“विहीर असेल जुनी,” मी म्हणालो.

त्यानं गुंडाळलेला कागद उघडून बघितला. “नकाशात नाही.”

“नसेल,” मी म्हणालो.

घरात पंखा लावला की पहिल्या दोन फेऱ्यांना तो रहाटासारखा करकरतो. दोनदा तेल घातलं. नंतर नीट फिरतो, पण त्या दोन फेऱ्या करकरतोच. बायकोला ऐकू येत नाही म्हणे.

आणि तो फुटक्या कोपऱ्याचा दगड अजून आहे. रस्ता त्याच्या अलीकडून गेला. तिथे आता टायर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दगड दुकानाच्या दारात. सकाळी त्याच्यावर एक माणूस पाठमोरा बसलेला असतो. वाकलेले खांदे, डोक्याला फडकं, डावा हात मांडीवर. बाबासारखाच. मला भुताखेतांवर विश्वास नाही, पण मी कित्येक वर्षं समोरच्या फुटपाथनं जातो. तोंड बघायला नको म्हणून.

या पावसाळ्यात बायकोचा गुडघा सुजला. भाजी आणायचं काम माझ्याकडे आलं.

“टायरवाल्याशेजारी एक भाजीवाली बसते, तिच्याकडूनच आणा,” ती म्हणाली. “माल ताजा असतो. पण बाई वेगळीच आहे. स्वतः तोलत नाही. आपणच तोलून घ्यायचं.”

“का?”

“मला काय माहीत? मी भाजी आणते, चौकशी समिती नाही बसवत. आणि पुस्तक घरी ठेवून जा, नाहीतर बटाटे तिथेच विसराल.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा दुकानाच्या बाजूच्या फुटपाथनं गेलो. ती गोणपाटावर बसली होती. केस पांढरे झाले होते. मी तिला तळहातांवरून ओळखलं. भेगांमध्ये काळी माती तशीच होती.

“काय देऊ, काका?”

“बटाटे.”

“निवडा. आणि तुम्हीच तोला हं. माझ्या हाताचा भरवसा नाही.”

तिनं तराजू माझ्यापुढे सरकवला. मी पारड्यात बटाटे टाकत गेलो. काटा एका जागी ठरेना.

“मला नीट तोलता येत नाही,” मी म्हणालो.

“चला, मग जमलं आपलं,” ती हसून म्हणाली.

मागून दगडावरचा माणूस वळला. तो तिचा नवरा होता. पन्नाशी जेमतेम ओलांडलेली, पण चेहरा बापाचाच. “तिला सांगू नका हो काका मोजायला,” तो म्हणाला. “एकदा मोजून दिलंय तिनं. पुरे झालं आम्हाला जन्माचं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. रोज वापरून गुळगुळीत झालेला विनोद होता तो. आणि ती हसली. त्याचं वाक्य संपायच्या जरा आधीच हसली, कारण ते कुठे संपतं हे तिला माहीत होतं. विहीर एकदाच बुजवली होती. हे रोज चाललं होतं.

“तुम्ही...” मी म्हणालो.

“काय, काका?”

“कोथिंबीर आहे का?”

तिनं जुडी दिली. मी घरी आलो.

दुपारभर मी लिहीत बसलो. पहिलं उत्तर चार पानांचं झालं. त्यात बारीक पेनाची तार होती, साहेब होते, भांडाराच्या तीन सह्या होत्या. वाचून पाहिलं तर त्या चार पानांत मी कुठेच नव्हतो. फाडलं. दुसरं दोन पानांचं झालं, त्यात फार पश्चात्ताप होता; तोही पुस्तकी वाटला. फाडलं. बायको दारातून बघून गेली. “कोणाला लिहिताय एवढं?” मी म्हणालो, एक उत्तर राहिलं होतं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग पुस्तकातून बाहेर आलेला पिवळा कागद तिला दिसला. “ती खूण होय?” एवढंच म्हणून ती गेली.

तिसऱ्या वेळी मी फील्डबुकाचं बाविसावं पान ब्लेडनं शिवणीजवळ कापलं. ब्लेड चांगलं चाललं. कागद फाटला नाही. पान आणि उत्तर तिनं पाठवलेल्या पाकिटात घातलं आणि टपाल कार्यालयात गेलो.

कारकुनानं पाकीट उलटसुलट केलं. “हा पत्ता कुठला, काका? ‘विहिरीजवळचा मळा’?”

“होता तिथे.”

“तिथे रस्ता आहे आता. पोस्टमन काय डांबरावर ठेवून येईल? पत्ता आणा नवा.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नवरा दुकानात टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. रात्रीच्या पावसानं गोल जागा पुन्हा खचली होती आणि तिच्यात पाणी साठलं होतं. भाजीवालीनं माझ्यासाठी तराजू पुढे केला.

“आज भाजी नको,” मी म्हणालो. “तुमचा पत्ता हवा होता.”

“कशाला? घरपोच भाजी आम्ही देत नाही.”

“पत्र... एक पत्र पाठवायचं आहे.”

तिच्या हातात पालकाची जुडी होती. तिनं ती खाली ठेवली नाही. बराच वेळ ती जुडीचा दोराच घट्ट करत राहिली. मग तिनं पत्ता सांगितला, गल्ली, दाराचा क्रमांक, वरचा मजला. मी लिहून घेतला. बोटं ओली होती, शाई जराशी पसरली.

“नाव माझं घालू नका,” ती हळू म्हणाली. “ह्यांचं घाला. ह्यांनीच उघडायला हवं.”

मी मान हलवली. वळलो. चार पावलं गेलो असेन.

“आणि रेघवाले,” मागून आवाज आला. “तिकीट नवं लावा. मी लावलेलं आता चालत नसेल.”

मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. म्हणजे तिनं मला ओळखलं होतं. काल बटाटे तोलताना ओळखलं, की त्याच्याही आधी, समोरच्या फुटपाथनं मान खाली घालून जाताना कितीतरी सकाळी, हे विचारायचं राहिलं. तिनं हाक मारली नव्हती. तिला बोललेलं नको होतं, लिहिलेलं हवं होतं. हे तिनं सुरुवातीलाच कळवलं होतं.

टपाल कार्यालयात पंख्याखाली उभं राहून मी एकदा उत्तर काढून वाचलं. मग ते तिच्या नवऱ्याच्या नावे नव्यानं लिहिलं.

‘मोजणीच्या वेळी तुमच्या पत्नीनं टेपचं टोक फुटक्या कोपऱ्याच्या दगडावर धरलं होतं. दगड बरोबर होता. त्या वेळी लिहिलेलं मूळ पान सोबत आहे. विहीर रस्त्याबाहेर चार मीटर होती. नकाशावरची रेघ मी जाड काढली, म्हणून ती आत गेली. सुनावणीच्या दिवशी हे मला माहीत होतं आणि पान माझ्याजवळ होतं. मी बोललो नाही. तुमच्या वडिलांनी पावलं बरोबर मोजली होती.’

खाली माझं पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा, आताचा पत्ता.

पाकिटावरचा जुना पत्ता मी एका रेघेनं खोडला. बारीक पेनानं. खाली नवा लिहिला.

“काका, नवं पाकीट घ्या ना,” कारकून म्हणाला. “हे पिवळं पडलंय. डिंकही गेलाय त्याचा.”

“हेच राहू दे.”

त्यानं त्याच्या बाटलीतला गोंद लावून दिला. तिच्या तिकिटाशेजारी मी नवं चिकटवलं. त्यानं शिक्का उचलून हाणला. गोल काळं वर्तुळ निम्मं तिच्या तिकिटावर उठलं, निम्मं माझ्या.

“पोच हवी का?”

“नको,” मी म्हणालो.

त्यानं पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि माझ्या खांद्यावरून बघत विचारलं, “पुढे कोण?” मी बाजूला झालो.